कमी-जास्त

आमच्या जालना जिल्ह्यातलं सगळ्यांत गाजलेलं लग्न म्हणजे न झालेलं लग्न. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी 1608 साली जन्मलेला नारायण ठोसर बारा वर्षांचा असताना बोहल्यावर उभा राहिला, भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि पोरगा खरोखरच सावध होऊन पळाला, अशी कथा आहे. पुढे त्याचे समर्थ रामदास झाले. मला मात्र लहानपणापासून काळजी वाटत आली ती मांडवात मागे राहिलेल्यांची. शिजलेला भात, बैलगाड्या जुंपून लांबून आलेले पाहुणे, आणि त्या सगळ्यांना 'या' म्हणून सांगत गावोगाव हिंडलेला तो बिचारा माणूस. त्या काळी पत्रिका नव्हत्या. कुंकवात घोळलेल्या अक्षता घ्यायच्या, उंबऱ्यावर द्यायच्या आणि तोंडानं सांगायचं. सगळ्या घरानं यावं असं असेल तर आवतण 'चूलबंद' द्यायचं, म्हणजे त्या दिवशी तुमच्याकडे चूल पेटायला नको. अक्षतांची मोठी सोय अशी की त्यांवर नाव नसतं, तारीख नसते. लग्न मोडलं तर कोंबड्यांपुढे टाकल्या की झालं. पत्रिका मागे उरते. आणि हातानं केलेली पत्रिका तर अशी चिवट उरते की बारा-तेरा वर्षांनीही आत्या तिच्यावरून बोलून दाखवतात. हे मी अनुभवानं सांगते आहे. 2013 च्या उन्हाळ्यात, तोवर साधा आकाशकंदीलही धड चिकटवलेला नसताना, मी माझ्या लग्नाच्या पत्रिका स्वतः करायला घेतल्या होत्या.

आम्ही राहायचो औरंगाबाद रोडला, एमआयडीसीच्या अंगाला. 'जालना सोने का पालना' ही म्हण गावात अजून कौतुकानं सांगतात. आमच्या बाजूला तो पाळणा लोखंडाचा होता आणि त्याला झोका देणाऱ्यांची पाळी भोंग्यावर बदलायची. कुठकुठलं भंगार ट्रक भरभरून तिथं येतं, भट्टीत वितळतं, त्याचे बिलेट होतात आणि लालभडक बिलेट रोलांच्या जबड्यांतून सरकत सरकत सळई होऊन बाहेर येतो. अण्णा एका रोलिंग मिलमध्ये तपासणीला होते. सळई ठरल्या मापाची आहे की नाही एवढंच बघायचं, आणि ते त्यांनी सव्वीस वर्षं बघितलं. व्यासाच्या वर्गाला 162 ने भागलं की मीटरभर सळईचं वजन निघतं, हे मला बाराखडीबरोबरच पाठ झालं असावं. 12 एमएमची सळई मीटरला 888 ग्रॅम भरायला हवी. शेकडा 5 कमी-जास्त चालतं, पुढे नाही. कधीमधी लाल सळई रोलातून निघताना वाट चुकते आणि शेवयांसारखी वेटोळी घालत भलतीकडे निघून जाते. तिला मिसरोल म्हणतात. गार झाली की तोडायची आणि पुन्हा भट्टीत घालायची. अण्णांचा हा शब्द घरीही चालायचा. न फुगलेली पोळी मिसरोल, तिरका भांग मिसरोल, आमचा एक मावसभाऊ तर सरसकट मिसरोल.

खरं तर आम्ही पत्रिका छापायलाच गेलो होतो. छापखान्यात पुढ्यात नमुन्यांचे गलेलठ्ठ अल्बम आले. सोनेरी मोर, मखमली गणपती, उघडली की सनईचा सूर काढणारी एक. मी मजकुराचं विचारलं तर काउंटरवरचे काका प्रेमानं म्हणाले, "मजकूर तयारच असतो ताई, नावं तेवढी सांगा." बोलले ते खरंच होतं. पण ते वाक्य कुसळासारखं घशात अडकलं. घरी येताना मला शाळेची सहल आठवली, सातवीतली. दौलताबाद बघून खुलताबादकडे जाताना मध्ये कागजीपुऱ्याला बस थांबली होती. तुघलकानं 1327 साली दिल्ली उठवून देवगिरीला आणली, तिच्यामागोमाग आलेल्यांत कागद करणारेही होते आणि ते इथं वसले, असं सांगतात. राजधानी परत गेली, कागद राहिला. तिथं एका चाचांनी हौदातल्या ढवळलेल्या लगद्यात जाळीची चौकट बुडवली, मनगटाला एक हलका हेलकावा दिला आणि चौकट वर उचलली. ताकातून लोणी यावं तसा पाण्यातून कागद वर आला. आम्ही चाळीस पोरी एकदम गप्प झालो होतो, आणि सातवीच्या चाळीस पोरी गप्प होणं ही काही साधी गोष्ट नाही. त्या एका हेलकाव्याच्या भरवशावर मी घरात जाहीर केलं की पत्रिका मी करणार, कागदापासून. बघितलेलं आणि येत असलेलं यांतलं अंतर तरुणपणी फार कमी वाटतं.

कागदाला पाणी लागतं. आणि ते साल 2013 होतं. आदल्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, मोसंबीच्या बागा उभ्याउभ्या वाळून सरपण झाल्या होत्या आणि जालन्यात माणसं टँकरच्या हॉर्नची वाट व्याह्याच्या गाडीपेक्षा आतुरतेनं बघत होती. आजी म्हणायची, "बहात्तरात दाणा नव्हता, पाणी व्हतं. औंदा दाणा हाय, पाणी नाही." अशा दिवसांत घरातली लग्नाळू मुलगी टबभर पाणी मागते आणि ते कशाला, तर कागद भिजवायला! आई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. मग तिनं आपल्या जलनीतीत माझ्यासाठी एक कलम घातलं. कपड्यांच्या शेवटच्या खळबळीचं पाणी मला, माझं झालं की तेच पाणी फडक्यातून गाळून अंगणातल्या मोसंबीच्या रोपाला. एवढे जन्म घेतलेलं पाणी त्या वर्षी घरोघर होतं. त्यामुळे माझ्या पत्रिकांना शेवटपर्यंत निळ्या साबणाचा वास येत राहिला. लांबच्या एका काकूंनी फोन करून विचारलं होतं की हे अत्तर कुठलं.

लगद्यासाठी घरातली रद्दी काढली. माझ्या बी.कॉम.च्या वह्या, जुनी कॅलेंडरं, वजनकाट्याच्या पावत्या, आणि माझ्यासाठी चालून आलेल्या अकरा स्थळांचे बायोडाटा. ते फाडताना एक वेगळंच समाधान मिळालं, ते इथं लिहीत नाही. रात्रभर भिजवलेलं सगळं सकाळी आईच्या मिक्सरमध्ये फिरवलं (पुढचा महिनाभर चटणीला बी.कॉम.ची चव होती). जुनी चाळण उसवून अण्णांनी लाकडी चौकटीवर जाळी ताणून दिली. मी ती टबात बुडवली, चाचांसारखाच मनगटाला हेलकावा दिला आणि उचलली. वर आलं ते थालीपीठ होतं. मधोमध जाड, कडेला विरलेलं, एका बाजूला भोक. भोकातून आजीचा चेहरा दिसला. ती म्हणाली, "हे काय करायलीस गं?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आणि हा लेख लिहितानाही नेमकं सुचत नाहीये.

हळूहळू थालीपिठाची भाकरी झाली, भाकरीची पोळी झाली. ओले कागद जुन्या धोतरावर उलटे घालायचे, वर पाट, पाटावर वजन. वजनाला अण्णांनी मिलमधून सळयांचे एंड कटिंगचे तुकडे आणले, रीतसर गेटपास करून. त्यावर 'कशासाठी' या रकान्यात त्यांनी 'कन्येचा विवाह' असं लिहिलं होतं म्हणे, आणि गेटवरच्या वॉचमननं अभिनंदन करून गाडी सोडली होती. मग कागद गच्चीवर. एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवर कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या यांचं राज्य. त्यांच्या पंगतीत एका कडेला माझ्या पत्रिका पाहुण्यांसारख्या अवघडून बसल्या. जालन्याचं ऊन उतावळं आहे. अर्ध्या तासात कागद वाळायचा आणि वाळता वाळता पापडासारखा वळायचा. शेजारच्या काकू कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "नाचणीचे का?" त्यात मिलच्या धुराड्यांतून उडणारी काजळी. पांढऱ्या कागदावर काळे बारीक ठिपके बसले, ते झटकावे तर पसरायचे. पुण्याच्या पाहुण्यांना ते ठिपके फार आवडले. तीळ टाकलेत का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

गणपती बटाट्याचा केला. बटाटा अर्धा चिरून त्यावर कोरायचं आणि कुंकवाच्या पाण्यात बुडवून ठसा उमटवायचा. दोन संध्याकाळी मान मोडून मी डाव्या सोंडेचा सुबक गणपती कोरला आणि पहिला ठसा उचलला तर सोंड उजवीकडे. ठसा उलटा उमटतो ही गोष्ट मला तात्त्विकदृष्ट्या माहीत होती. आजीनं कपाळाला हात लावला. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक देव, त्याचं सोवळं सांभाळायचं कोणी, आणि ज्यांच्या घरी पत्रिका जाईल त्यांनीही सांभाळायचं का? असले प्रश्न छापखान्यात पडत नाहीत. दुसरा बटाटा, उजवी सोंड कोरून डावी. तोवर उन्हाळा चांगलाच तापला होता. बटाटा दिवसागणिक आक्रसत गेला. पहिल्या पत्रिकेवरचे गणराय लंबोदर आहेत, चाळिसाव्यापर्यंत त्यांचं पोट आत गेलं आहे आणि सत्तरीच्या पुढे तर दुष्काळ थेट देवाच्या अंगावर दिसतो. मग नवा बटाटा, पुन्हा सुकाळ. माझ्या पत्रिका ओळीनं मांडल्या असत्या तर त्यांवरून पैसेवारी काढता आली असती.

मजकूर हातानं लिहायचा होता. तयार मजकुरावर रुसून मी एवढा पसारा मांडला होता, पण बोरू हातात घेतल्यावर दुसरं काही सुचेना. 'आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां.' इथंच गाडी येऊन थांबायची. आपल्याकडे नवरी स्वतः कोणाला बोलावत नाही, तिला आईबाप बोलावतात, म्हणजे तिच्या नावानं लोकांना बोलावतात. तेव्हा अक्षर माझं आणि आवाज अण्णांचा, असा तो प्रकार झाला. पहिल्या दहा-बारा पत्रिकांत मला हसू येत होतं. मी स्वतःच्याच नावामागे चिरंजीव लावत होते, स्वतःलाच सौभाग्याची आकांक्षा चिकटवत होते. पन्नाशीच्या पुढे हसू गेलं. 'आमची' हा शब्द शंभरदा लिहिला की काहीतरी होतं. रात्री साडेदहाला, ट्यूबलाइटखाली, एमआयडीसीतल्या मिलचा धडधडाट गच्चीवरून येत असताना मी तो शब्द अण्णांच्या तोंडून लिहीत होते आणि अण्णा शेजारच्या खुर्चीवर चष्मा कपाळावर सरकवून पेपर वाचत होते. त्यांनी आयुष्यात मला कधी 'आमची' म्हटल्याचं आठवत नाही. 'ही' म्हणायचे. 'हिला चहा द्या.'

माझ्या कागदाच्या मापात सगळ्यांची नावं मावेनात. छापखान्यात अक्षर बारीक करत नेता येतं. बोरूनं मात्र आणखी बारीक काढता येईना म्हणून मी सगळी चिल्लीपिल्ली एका 'समस्त बालगोपाळ' मध्ये कोंबली. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणण्याचा हक्क गेल्याबद्दल एका सहा वर्षांच्या भाच्यानं माझ्याशी लग्न लागेपर्यंत अबोला धरला. पाकिटं खळीनं चिकटवली होती, गव्हाच्या पिठाच्या. एका रात्री उंदरानं त्यातली सात खाल्ली. मी रडकुंडीला आले, पण आजीचा चेहरा उजळला. पहिली पत्रिका गणपतीला द्यायची असते, तर त्याच्या वाहनानं घरी येऊन पोच दिली, असा तिनं अर्थ लावला. उंदरानं तेवढी खळ खाल्ली होती, मजकूर शाबूत ठेवला होता, हेही तिच्या मते सूचक होतं.

वाटपाची वेळ आली आणि मला कळलं की छापखान्यानं आपल्या समाजावर केवढे उपकार केले आहेत. ज्ञानाचा प्रसार वगैरे असेलच, पण एकाच साच्याच्या हजार पत्रिका निघाल्या म्हणून हजार रुसवे टळतात. माझ्या 151 पत्रिकांत दोन सारख्या नव्हत्या. आपल्याकडे वेगळं म्हणून काही नसतंच, असतं ते कमी किंवा जास्त. तरी ही तफावत कदाचित डोळ्याआड झाली असती. पण अण्णांनी एके रविवारी व्हर्नियर काढून सगळ्या पत्रिका मोजल्या होत्या. न मोजता माल गेटबाहेर सोडणं त्यांच्या हाताला जमेना. मोजायचं आणि मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात जाडी टाकायची. 0.9. 1.4. 1.6. मला हे कोणी सांगितलं नाही. कळलं ते मोठ्या आत्याचा फोन आल्यावर. "आम्हाला झीरो पॉइंट नऊ, अन् तुझ्या मेहुण्याला एक पॉइंट सहा? आमचं काय कमी पडलं रे?" आकडा कशाचा हे तिला ठाऊक नव्हतं, पण कमी आहे एवढं पुरेसं होतं. अण्णा शांतपणे म्हणाले, "अक्का, पातळ कागदाला कसब लागतंय. जाड काय, कोणी बी करतंय." आत्या खूश झाली आणि तिनं हे अंबडच्या मामांना कळवलं. मग अंबडहून फोन आला. दोन रविवार अण्णा आपल्या आकड्यांची समजूत घालत मोटरसायकलवरून जिल्हाभर फिरले. सासरी त्यांच्याकडच्या हजार पत्रिका छापून आल्या होत्या, सोनेरी मोरवाल्या. तिथं कोणी कोणावर रुसलं नाही.

सासरी माझी एक पत्रिका गेली त्यात वेगळीच गंमत झाली. मिक्सरमधून निसटलेला अकरांपैकी एका बायोडाटाचा कपटा बरोबर तिच्या मध्यावर वर आला होता आणि त्यावरचा एक शब्द स्वच्छ वाचता येत होता: 'निमगोरा'. सासूबाईंनी चष्मा लावून तो वाचला आणि मुलाला विचारलं, हे कोणाबद्दल? हे स्वतः रंगानं चांगले सावळे आहेत. त्यांनी पत्रिका उन्हाकडे धरून बघितली आणि म्हणाले, "माझ्याबद्दलच असणार. त्या जरा कौतुकानं लिहितात." रात्री फोनवर त्यांनी हे मला सांगितलं. लग्न ठरून दोन महिने झाले होते. हे आपल्याला आवडतात, असं मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं.

मूळ पत्रिका घेऊन आम्ही भोकरदन तालुक्यात राजूरला गेलो. गणपतीपुढे ठेवायची म्हणून मी सगळ्यांत सरळ, सगळ्यांत गोरी पत्रिका बाजूला काढून ठेवली होती. अण्णांनी ती नको म्हणून गठ्ठ्यातून एक उपसली. कोपरा दुमडलेला, एक कड लाटेसारखी, बटाट्याचा शेवटचा ठसा पडलेली. मी म्हटलं, "अण्णा, ही तर मिसरोल." ते म्हणाले, "त्याचं नाव काय हाय? वक्रतुंड ना?" गाभाऱ्यात त्या मोसमातल्या इतरांच्या गुळगुळीत पत्रिकांची चळत होती. आमची काही केल्या त्यांच्यावर सपाट बसेना, ठेवली की पाठ उचलायची. पुजाऱ्यांनी शेवटी तिच्यावर एक नारळ ठेवला.

लग्न वैशाखात, शके 1935 ला, ठरल्या मुहूर्तावर लागलं. 'सावधान' झाल्यावर माझं लक्ष उगाचच यांच्या पायांकडे गेलं, पण ते जागेवर होते. जेवणावळीत पाणी पेल्यानं मोजून वाढलं आणि कोणी नाव ठेवलं नाही. पावसाळा त्या वर्षी चांगला झाला. अंगणातल्या मोसंबीनं कागदाचं पाणी पिऊन तग धरला होता. पुढे तिला फळंही आली, आंबटच.

अण्णा आता रिटायर झाले आहेत. गेल्या दिवाळीला त्यांचं कपाट आवरायला घेतलं तर टेस्ट सर्टिफिकेटांच्या फायलीत माझी एक पत्रिका निघाली. आत 'आमची' या शब्दावर शाई थोडी पसरलेली, ठसा फिका. सवयीनं मी मागे उलटून बघितलं. कोपरा कोरा होता. सगळ्या गठ्ठ्यात ही एकच पत्रिका न मोजता ठेवलेली. मी त्यांना ती दाखवली आणि विचारलं, "हिची जाडी कामून नाही टाकली, अण्णा?"

त्यांनी ती हातात घेतली, दोन बोटांत धरून कडेनं फिरवली आणि पुन्हा फायलीत सरकवली. म्हणाले, "त्या दिवशी चष्मा सापडेना."

चष्मा तेव्हाही त्यांच्या कपाळावर होता.